बी नसलेलं केळं

लग्न होऊन ब्राह्मणपुरीत आले तेव्हा मी बारावी सायन्स होते. म्हणजे अक्कल सोडून सगळं होतं. त्याच जोरावर शेजारच्या नानांना मी एक प्रश्न विचारला. आज नातवंडं झाली, तरी तो आठवला की पदरात तोंड लपवते.

नाना हायस्कूलला जीवशास्त्र शिकवायचे. दिसेल त्या प्राण्याकडे बोट दाखवून विचारायचे, "एक प्रजाती का दोन?" शहाद्याच्या बाजारात कावळे बघत उभे राहिले, की भाजीवाली ओरडायची, "नाना, वांगा लेतस का कावळा?" सारंगखेड्याच्या यात्रेत लोक घोडे बघायचे, नाना खेचर शोधायचे. त्यांची व्याख्या ठरलेली: "ज्यास्ना पोरेस्ले पोरे व्हतस, ती एक प्रजाती." म्हणजे गाडी नातवंडांपर्यंत जायला हवी. खेचराला पिल्लं होत नाहीत, म्हणून घोडा वेगळा, गाढव वेगळं.

एका संध्याकाळी ओट्यावर हेच चाललं होतं. शेजारी त्यांची बायको, जिजी, बसली होती. "समजनं का, वहू?"

सूनबाई कसल्या गप्प बसतात! म्हटलं, "मग नाना, तुम्हाला न् जिजीला तर मूलच नाही. तुम्ही दोन प्रजाती का?"

तांदूळ निवडणारा जिजीचा हात थांबला.

सारवासारव करायला मी समोर ठेवलेल्या केळ्यांच्या घडावर झडप घातली. "आणि... आणि केळ्यात तरी कुठे बी असतं, नाना?"

नानांनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. "केळले बी नही... कंद लावतस... मंग केळ काय शे?" असं पुटपुटत ते घरात गेले.

पुढे नाना ओट्यावर दिसेनात. माझा गोंधळ उडाला. माणूस माझ्यावर रुसलाय, की केळ्यावर? सासूबाईंना विचारायची सोय नव्हती. शेवटी जिजी आमची वाटी परत द्यायला आली, तेव्हा मी तिच्या पायाशीच बसले.

तेव्हापासून नाना केळं उभं चिरून, आत निरखून, मगच खातात. अर्धं जिजीला देतात. हसणारे हसतात. मी हसत नाही, कारण त्या दिवशी जिजी मला म्हणाली होती:

"रडू नको, येडी. त्यास्ले राग नही उना. आज सकायमा केळं चिरीसन बठेल व्हतात. अर्धं मन्हा हातमा दिधं अन् म्हनतस, 'सुमन, हिले बी नही, तरी हाई पुरी शे. मन्ही व्याख्याच अधुरी शे.'"