गुडचं खानदान

“बाबा, शाळेचे शिक्के या वेळी मी करते. असे करते, असे करते, की शाळा बघतच राहील!”

भिंगरीने ही घोषणा दुकानातल्या स्टुलावर उभं राहून केली. पुढे शाळा खरोखरच बघत राहिली, त्यामुळे पोरीला कोणी थापाडी म्हणू शकत नाही, एवढं आधीच सांगून ठेवलेलं बरं.

भिंगरी नववीत. तोंड आणि पाय यांतलं एक तरी सतत चालू, म्हणून हे नाव. तिच्या बाबांचं रबरी शिक्क्यांचं दुकान एवढंसं होतं, की गिऱ्हाईक आत आलं की बाबांना पोट आत घ्यावं लागे. शेजारच्या कुलूपवाल्याच्या पाटीवर मात्र ‘आणि चिरंजीव’ असं ठसठशीत रंगवलेलं! ते चिरंजीव दिवसभर गल्ल्यावर डुलक्या काढत आणि त्यांच्या नाकावर माशी फेऱ्या मारी. ते बघून भिंगरीचा तिळपापड व्हायचा. आपल्या पाटीवर ‘आणि कन्या’ पाहिजे म्हणजे पाहिजे!

“आधी एक ऑर्डर एकटीने करून दाखव,” बाबा म्हणाले. “तक्रार आली नाही, तर रंगाऱ्याला बोलावतो. आली, तर पाटी आहे तशी आणि कन्या अभ्यासाला.”

ऑर्डर साधी होती. शाळेत वह्या तपासून झाल्या की शेवटी ‘गुड’ असा शिक्का मारत. ते जुने शिक्के झिजून झिजून डास चिरडल्यासारखे उमटायला लागले होते. नवे हवे होते. बस्स!

पण नेमकं त्याच आठवड्यात इंग्रजीच्या बाई वर्गात कडाडल्या होत्या, “गुड हा आळशी माणसाचा शब्द आहे! जेवण गुड, मुलगा गुड, हवा गुड, चप्पलही गुड! जरा नेमका शब्द शोधा!” आणि त्यांनी समानार्थी शब्दांचा कोश दाखवला. उशीएवढा जाड.

भिंगरीने तो उघडला आणि तिचे डोळेच फिरले. केवढं हे गुडचं खानदान! सुपर्ब आणि स्प्लेंडिड हे श्रीमंत काका. डीसेंट आणि ओके हे कोपऱ्यात बसणारे चुलतभाऊ. पदार्थ गुड असला तर टेस्टी, भाजी गुड असली तर फ्रेश, तिकीट गुड असलं तर व्हॅलिड! आणि कोणी ‘फॉर गुड’ निघून गेलं, तर परमनंट! एवढी माणसं घरात असताना एकट्या गुडलाच राबवायचं? घोर अन्याय!

तिने तो अन्याय दूर केला. प्रत्येक शिक्क्यावर वेगळा नातेवाईक!

बाबांनी शिक्के तपासले, पण त्यांचं इंग्रजी म्हणजे एक प्रकरणच होतं. शिक्क्यावर अक्षरं उलटी असतात. जन्मभर तीच बघून बाबांना इंग्रजी उलटं झरझर वाचता येई आणि सुलटं समोर आलं की ते चष्मा पुसत बसत. अर्थाच्या भानगडीत तर ते कधी पडलेच नव्हते.

“सगळे वेगवेगळे दिसतात गं?”

“बाबा, अर्थ सगळ्यांचा एकच!”

“मग ठीक. कडा स्वच्छ आहेत. दे जाऊन.”

शाळेत शिक्के राहायचे शिक्षकांच्या खोलीत, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात. सुटीत प्रत्येक जण डब्यात हात घाली, सापडेल तो शिक्का उचली आणि लाटणं चालवावं तसा वह्यांवरून चालवत सुटे. इतकी वर्षं प्रत्येक शिक्क्यावर गुडच असायचं. मग वाचायचं कशाला?

पहिली ठिणगी पडली ती घरच्याच माणसांत. भिंगरीची आत्या चपला न काढता दुकानात घुसली. बाबांनी सवयीने पोट आत घेतलं.

“दादा, हे बघ! माझ्या पोराला ‘डीसेंट’ आणि शेजारणीच्या पोरीला ‘सुपर्ब’! गणितं दोघांची तीच! चुकाही त्याच, कारण त्याने तिचीच बघून लिहिली!”

“मग ओरिजिनलला जास्त मिळणारच की,” बाबा म्हणाले.

“तू माझा भाऊ आहेस की शेजारणीचा?”

भिंगरी काउंटरखाली पडलेलं काहीतरी शोधायला लागली. पडलेलं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावर पालकांची परिषदच भरली. कोणता शब्द वरचा, कोणता खालचा, यावर खडाजंगी!

“स्प्लेंडिड मोठा! अक्षरं जास्त आहेत!”

“मग परमनंटलाही अक्षरं जास्तच आहेत! घ्या की तुमच्या मुलाला!”

परमनंट ज्याला मिळालं होतं, तो मागच्या वर्षीही त्याच वर्गात होता. त्याच्या आईने वही बघितली आणि ती मटकन खालीच बसली. “म्हणजे आता कायमचा इथेच का हो हा?”

‘माझे आजोबा’ या निबंधाखाली ‘टेस्टी’ उमटलं होतं. ते आजोबा जातीने आले होते आणि निबंध तपासणाऱ्या बाईंपासून चार हात लांब उभे होते. कोणाच्या नकाशावर ‘फ्रेश’ होतं, कोणाच्या कवितेवर ‘व्हॅलिड’. व्हॅलिडच्या वडिलांनी मुदत किती ते विचारलं! कोपऱ्यावरच्या क्लासवाल्या सरांनी तर दुपारपर्यंत फलकच लावला: ‘सुपर्बची हमी! न मिळाल्यास पुन्हा शिकवू!’

संध्याकाळी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सभागृहात सगळ्यांना बोलावलं. पालक, शिक्षक, बाबा आणि भिंगरी. मधोमध टेबलावर तो बिस्किटांचा डबा, खुनातलं हत्यार ठेवावं तसा!

“हे शिक्के कोणी केले?”

बाबा उठायच्या आत भिंगरी उठली. बाबांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढून पाटी, रंगारी आणि शाळेची दरसालची ऑर्डर अशी सगळी वरात निघून गेली असणार!

“मी केले!” भिंगरीचा आवाज मात्र खणखणीत. “आणि तुम्ही उगाच भांडताय! हे सगळे एकाच शब्दाचे नातेवाईक आहेत. सगळे सारखेच!”

तिला वाटलं, आता टाळ्या पडणार. पण इतका वेळ खुशीत बसलेली सुपर्बची आई ताडकन उठली.

“सारखेच? मी सगळ्या नातेवाइकांना फोन केलेत!”

“आम्ही वही लॅमिनेट केलीय!” स्प्लेंडिडचे वडील गरजले.

म्हणजे आतापर्यंत अर्धंच सभागृह चिडलं होतं, ते भिंगरीने एका वाक्यात पूर्ण करून दिलं!

मोठ्या बाईंनी टेबलावर हात आपटला. “शांत! कुठल्या वहीला कुठला शिक्का, हे शिक्षकांनी काहीतरी विचार करूनच ठरवलं असेल. सांगा, सर!”

खेळाचे सर उभे राहिले. माणूस सरळ, तोंडाला गाळणी नाही. “विचार कसला बाई? वर होता तो उचलला. शिक्का काय वाचायचा? आम्ही वही तरी कुठे...”

इथे ते थांबले. पण जरा उशिराच थांबले.

डब्यातला एक शिक्का खट्कन कलंडला. मग सगळ्या पालकांच्या माना सावकाश शिक्षकांच्या रांगेकडे वळल्या. रांगेतल्या एकूण एक जणांना एकदम छताचा पंखा बघावासा वाटला. भिंगरीचं नावही कोणाच्या लक्षात राहिलं नाही!

“उद्यापासून,” मोठ्या बाई घाईघाईने म्हणाल्या, “शिक्के बंद! प्रत्येक शिक्षक वही वाचेल आणि शेरा स्वतःच्या हाताने लिहील!”

टाळ्या पडल्या. बाबांनी तेवढ्या वाजवल्या नाहीत.

परतताना ते एक शब्द बोलले नाहीत. भिंगरीला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. कोशात ‘सायलेंट’चे नातेवाईक किती असतील, हे बघायचीसुद्धा तिला इच्छा उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून होतंय तोच खेळाचे सर आले. टोपी पार नाकापर्यंत ओढलेली.

“एक खाजगी काम होतं,” ते कुजबुजले. “हाताने लिहिल्यासारखा दिसेल असा शिक्का मिळतो का हो?”

बाबांचा चष्मा आपोआप वर चढला. “मिळतो की!”

तेवढ्यात इतिहासाच्या बाई आल्या आणि सर कपाटामागे लपले. इतिहासाच्या बाईंचंही खाजगीच काम होतं. मग भूगोल आला, मग शास्त्र. दुकानात पोट आत घ्यायलाही जागा उरली नाही! सगळ्यात शेवटी, तोंडावर ओढणी घेऊन, इंग्रजीच्या बाई.

“बाई, शब्द कोणता घालू?” भिंगरीने विचारलं. “नेमका?”

“गुड,” बाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या. “नेमका गुडच. एक अक्षर इकडचं तिकडे करू नकोस!”

ऑर्डर पहिल्यापेक्षा मोठी निघाली. बाबांनी बराच वेळ हनुवटी खाजवली. तक्रार तर आली होती, पण तक्रारीच्या पाठोपाठ गिऱ्हाईकही आलं होतं! शेवटी त्यांनी रंगाऱ्याला हाक मारली.

रंगाऱ्याने पाटीवर वीत टेकवून बघितली. “‘कन्या’ नाही बसत. जोडाक्षर जागा खातं. आखूड काहीतरी सांगा.”

भिंगरीने मोठ्ठा श्वास घेतला. “मुलगी, पोरगी, तनया, दुहिता...”

“लेक!” बाबा ओरडले. “लेक लिहा हो, ही पुढे बोलायच्या आत!”

तर पाटीवर आता ‘आणि लेक’ आहे. कधीही येऊन बघा.

पुढच्या आठवड्यात भिंगरीचा निबंध परत आला. विषय, ‘शब्दांची श्रीमंती’. सहा पानं! एकही शब्द दोनदा वापरायचा नाही म्हणून जिवाचं रान केलेलं! बाईंनी काय बरं लिहिलं असेल? तिने झटकन शेवटचं पान उघडलं.

‘गुड.’

लाल शाईत, वळणदार, थेट हाताने लिहिलेलं. हात मात्र भिंगरीचाच होता. शिक्क्यांसाठी अक्षराचा नमुना तिनेच तर काढून दिला होता!