मालक, बाजूला व्हा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. आता पंचाहत्तरी उलटली, उठायलाच वेळ लागतो. म्हणून सांगून टाकतो.

बारामतीचे दिनकरराव शूटिंगवाले धंद्यांच्या जाहिराती काढायचे, पण मालकाला जाहिरातीत घ्यायचे नाहीत. आमच्या भागात जाहिरात म्हणजे पांढऱ्या कपड्यातला मालक संथ चालत येतो, हात जोडतो, वरून फुलं पडतात. दिनकररावांना ते बघवायचं नाही. कॅमेरा लावला की पहिलं वाक्य ठरलेलं. "मालक, बाजूला व्हा."

एका साडीवाल्याच्या जाहिरातीत त्यांनी फक्त घडी घालणाऱ्या नोकराची बोटं घेतली. मालकाचं चुकून एक कोपर आलं. तो आठवडाभर पाहुण्यांना व्हिडिओ थांबवून ते कोपर दाखवत होता. पंपवाल्याच्या जाहिरातीत कोरडा पाइप, थोडी गुरगुर आणि एकदम पाणी.

पंपवाला म्हणाला, "एवढंच? बोलणं न्हाय, गाणं न्हाय?"

"पाणी आलं का न्हाय? मग आता कशाला बोलायचं?"

छत्री कॅमेऱ्यावर धरायचे आणि स्वतः उन्हात. नाकाची सालं निघालेली. मी म्हणालो, "दिनकरराव, नाक भाजलं तुमचं." तर म्हणाले, "नाक कुठं व्हिडिओत येतंय?"

इंदापूरकडे माझी डाळिंबाच्या रोपांची नर्सरी होती. जाहिरातीसाठी मी त्यांना बोलावलं आणि नवं जाकीट शिवून घेतलं. ते आले आणि पाच दिवस आमच्या पारूबाईशेजारी मातीत बसून राहिले. पारूबाई कलमं बांधायची. फांदीची साल काढायची, ओलं शेवाळ गुंडाळायचं, वर प्लास्टिक बांधायचं. मी जाकीट घालून घिरट्या घालत होतो.

दिनकरराव म्हणाले, "आबा, तुमी बाजूला व्हा. तुमच्याकडं बघून कोण रोप नेणार हाय?"

व्हिडिओ दोन मिनिटांचा झाला. नुसते पारूबाईचे हात. शेवटी ती मान वर करते आणि म्हणते, "आता ह्ये जगतंय बघा."

माझं डोकं फिरलं. "नर्सरी माझी आणि तोंड पारूबाईचं?"

"हात तिचं हायत, म्हणून."

तो व्हिडिओ मी कपाटात टाकला आणि पुण्याहून दुसरे लोक आणले. त्यांच्याकडे ड्रोन होता. माझ्या झाडांना तेव्हा फळ नव्हतं, म्हणून त्यांनी भिगवणजवळची कुणाची तरी लगडलेली बाग गाठली. त्या बागेतून मी जाकीट घालून, हात जोडून, संथ चाललो. फुलंसुद्धा पडली.

रोपं हातोहात गेली. दोनेक वर्षांनी त्यांना फळं धरली ती लिंबाएवढी, फिकट. एके सकाळी वीसेक शेतकरी अंगणात आले, मोबाइलवर माझाच व्हिडिओ लावून.

"आबा, ही बाग कुठं हाय? दावा की आमाला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "शूटिंग दिनकररावांचं. त्यांनी दुसरीच बाग काढली. ते म्हणाले तिथं मी आपला चाललो."

दिनकरराव पाच दिवस नर्सरीत बसलेले सगळ्यांनी पाहिले होते. लगेच पटलं. आठवड्यात ते बारामतीच्या बाजारात पोचलं. साडीवाला बोलेना, पंपवाला ओळख देईना. दिनकररावांचं शटर अर्धं खाली राहू लागलं.

त्यांनी मात्र कुणाला एक शब्द सांगितला नाही. मला वाटलं, घाबरले. एक दिवस कलम बांधता बांधता, माझ्याकडे न बघता पारूबाई म्हणाली, "म्या इचारलं त्यास्नी, खरं का सांगत न्हाय? तर म्हणले, मी बोललो तर नर्सरी बसंल. मग तुमी बायका कुठं जाणार?"

दुसऱ्या सकाळी मी बारामती गाठली. काम नसताना दिनकरराव कॅमेऱ्याची काच पुसत बसले होते.

"आबा? वाट चुकला काय?"

"बोलायचं होतं."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. उठले, खिडकी उघडली, उन्हाच्या पट्ट्यात खुर्ची ठेवली, कॅमेरा लावला. "बसा. खरं बोलणाऱ्या मालकाला मी घेतो."

लाल दिवा लागला. मी बसलो. घसा खाकरला. ते वाट बघत होते, लग्नघरातल्या माणसासारखे उत्सुक. मी म्हणालो, "आमच्या नर्सरीत डाळिंबाची खात्रीशीर रोपं मिळतील."

त्यांनी कॅमेरा बंद केला. रागावले नाहीत. "ऊन गेलं," म्हणाले. "उद्या या."

ऊन तसंच होतं, माझ्या मांडीवर.

मी उद्या गेलो नाही. परवाही नाही. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी दिनकरराव गेले. त्यांच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. नर्सरी अजून चालू आहे. पारूबाई रोज येते आणि माझ्याशी कामापुरतं बोलते.

त्या खुर्चीत बसून मला एवढंच म्हणायचं होतं. दिनकरराव, ते शूटिंग तुमचं नव्हतं. बाग दुसऱ्याची आहे, हे चालताना मला ठाऊक होतं. माझं चुकलं.