बाईंच्या मागची भिंत

अक्षताला फक्त एक फोटो हवा होता. सोमवारपासून ती शाळेची मुख्याध्यापिका होणार होती आणि दाराजवळच्या काचेच्या फलकात तिचा फोटो लागायचा होता. आधीच्या सगळ्या मुख्याध्यापिका तिथे ओळीने बसलेल्या होत्या. शेवटची चौकट रिकामी होती आणि शिपाई दशरथने ती पुसूनही ठेवली होती.

घरात तिचे फोटो नव्हते असं नाही. तिचा नवरा सुयोग गेली काही वर्षं कॅमेरा घ्यायचा म्हणून कॅमेरे तपासत होता. घेत नव्हता, तपासत होता. तपासायला समोर एक माणूस लागतो, त्यामुळे अक्षताचे फोटो ढिगाने होते. एकात तिच्या गालाला बिस्किटांचा पुडा टेकवलेला होता, कारण पुड्यावरची बारीक अक्षरं वाचता येतात का ते पाहायचं होतं. दुसऱ्यात ती अगदी डाव्या कोपऱ्यात अर्धीच होती, कारण कोपरे धूसर येतात का हा प्रश्न होता. जुहूला तिच्या पाठीमागे सूर्य ठेवून काढलेल्या सगळ्या फोटोंत ती म्हणजे एक काळी सावली होती. सुयोगच्या मते त्या फोटोंतून फार शिकायला मिळालं होतं. शाळेत लावण्यासारखा त्यांतला एकही नव्हता.

"रविवारी काढतो ना," सुयोग म्हणाला. "तसाही नितेशचा कॅमेरा तपासायचाय."

नितेश हा त्याचा ऑफिसातला मित्र. त्याला आपला मिररलेस कॅमेरा विकायचा होता. दुसरं गिऱ्हाईक तयार होतं, म्हणून रविवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांग, असं त्याने सुयोगला बजावलं होतं. मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा. आपल्याला एवढं कळलं तरी पुरे. अक्षताला याहून पुष्कळ जास्त ऐकावं लागलं होतं.

कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाते, पाच मिनिटांचं काम आहे, असं ती म्हणून पाहत होती.

"स्टुडिओत काय कळणार? तिथे लाइट असतात. खरी परीक्षा बाहेर होते."

"परीक्षा कोणाची, माझी की त्याची?"

सुयोग तोवर तिच्या साड्या उपसायला लागला होता. त्याला बारीक चौकड्यांची साडी हवी होती. बारीक चौकड्यांवर काही कॅमेऱ्यांत नसलेल्या लाटा उमटतात म्हणे. उमटतात का, तेही पाहून घ्यायचं होतं.

जोगेश्वरीत त्यांच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे 'नवप्रभात' नावाची जुनी तीन मजली इमारत होती. तिच्या बाजूच्या भिंतीचा रंग उडाला होता, पाइपांखाली शेवाळ धरलं होतं आणि वरून खालपर्यंत एक मोठी भेग गेली होती. बारीक तपशील येतो का हे बघायला अशी भिंत शोधून सापडत नाही, असं सुयोग कौतुकाने म्हणाला. रविवारी सकाळी त्याने तिथे तिपाई उभी केली. फोकस नेमका कुठे बसतो हे नंतर आकडे वाचून कळावं म्हणून भेगेच्या कडेने मोजायची टेप चिकटवली. अक्षताला भिंतीपुढे उभं केलं आणि रिकामे हात बरे दिसत नाहीत म्हणून त्यात शाळेची फाइल दिली.

नवप्रभातमधल्या लोकांनी खिडकीतून जे पाहिलं ते असं: तिपाई, टेप, भेग आणि फाइल घेऊन उभी असलेली एक थकलेली, गंभीर बाई. ती इमारत कित्येक वर्षं रिडेव्हलपमेंटच्या वाटेवर होती. अर्धे रहिवासी त्याची वाट पाहत होते आणि उरलेले अर्धे ती वाट अडवून बसले होते.

तळमजल्यावरचे धाकूमामा, गिरणीतून निवृत्त झालेले मालवणी गृहस्थ, आधी खिडकीत आले, मग आत जाऊन शर्ट घालून बाहेर आले. इमारत बघूक इल्यात काय, असं त्यांनी विचारलं. सुयोगने कॅमेऱ्यावरून डोळा न काढता नुसता हात वर करून थांबायची खूण केली. इतक्या तुसडेपणाने सरकारी नाहीतर बिल्डरचा माणूसच वागू शकतो, हे धाकूमामांना अनुभवाने ठाऊक होतं. ते तडक चहा सांगायला गेले.

चहा आला. अक्षताने सांगितलं, मी शाळेत शिकवते, आम्ही फोटो काढायला आलोय. धाकूमामांनी समजूतदारपणे डोळे मिटले.

"असांदे, बाय. आमी कोणाक सांगूचव नाय. पण आत चला. किचनातली भेग बघल्यात तर ही कायच वाटूची नाय."

नको, असं अक्षता म्हणतच होती. पण किचनमध्ये अंधार आहे हे कळल्यावर सुयोग थांबेना. अंधारात कॅमेरा कसा चालतो हे तपासायचं राहिलंच होतं. धाकूमामांच्या किचननंतर शेजारच्यांची मोरी झाली. मग वरच्या मजल्यावरचं गळणारं छत झालं. ते काढताना सुयोग एका घरातल्या पलंगावर आडवा झाला होता, आणि साहेब किती मनापासून काम करतायत, अशी कुजबुज जिन्यात चालली होती. सेक्रेटरी मिथुनने सगळ्यांना फोन करून खाली बोलावलं आणि खुर्च्या मांडल्या.

त्या फोनमुळेच दुसऱ्या मजल्यावरच्या विनी आंटींना कळलं. अडवणाऱ्यांच्या त्या पुढारी. त्या आपली माणसं घेऊनच उतरल्या.

"कोणी बोलावलं यांना? मिटिंगमध्ये ठरलं होतं ना, आधी आम्हाला विचारायचं म्हणून?" मग सुयोगकडे वळून, "नुसत्या भेगा काय काढतोस, बाबा? माझा पिलर काढ. केसाएवढीही चीर नाही त्याला."

सुयोग म्हणाला, गुळगुळीत पिलरचा मला काही उपयोग नाही. त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं. पण त्यावरून तो विकला गेलेला माणूस आहे हे विनी आंटींच्या बाजूला पटलं. त्यांनी तिपाई पिलरकडे ओढली. धाकूमामांच्या बाजूने ती भेगेकडे ओढली. सुयोगने कसाबसा कॅमेरा सोडवून छातीशी धरला आणि तो माझा नाहीये, मित्राचाय, असं तो सगळ्यांना सांगत राहिला. कोणी ऐकत नव्हतं. प्लास्टर, पिलर आणि कोणाच्या तरी भाचीच्या लग्नातला जुना अपमान, असं सगळं एकदम बाहेर निघालं.

अक्षता सकाळपासून उभी होती. तिचे पाय दुखत होते, टेपचं टोक पदरात अडकलं होतं. तिने फाइल काखेत धरली आणि एक हात वर केला.

"शांत. सगळ्यांनी हाताची घडी."

आवाज मुळीच मोठा नव्हता. पण नवप्रभात गप्प झाली. धाकूमामांनी घडी घातली, विनी आंटींनी घातली, मिथुनने खुर्ची खाली ठेवून घातली. सुयोगनेही घातली, आणि छातीशी धरलेल्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं.

मग आपण कोण, हे अक्षताने एकेक वाक्य सावकाश सांगितलं.

"मग चहा कशाला प्यायलात?" विनी आंटींनी विचारलं.

संध्याकाळी सुयोगने सगळे फोटो टीव्हीवर लावले आणि मोठे करकरून पाहिले. कुठे साडीवर लाटा होत्या, कुठे अक्षताचे डोळे मिटलेले होते. शेवटचा फोटो तिरका होता. त्यात तिचा हात वर होता, बट सुटली होती आणि चेहरा शांत होता.

"हा तर बादच. फोकस तुझ्यावर नाहीच, मागच्या भिंतीवर गेलाय. समोरचं माणूस सोडून भिंत बघतो, असला कॅमेरा काय कामाचा?"

अक्षताने त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हाच दे."

सुयोगने कॅमेरा नितेशला परत केला. सोमवारी फोटो फलकात लागला. आजवरच्या सगळ्या फोटोंत याच बाई खऱ्या मुख्याध्यापिका वाटतात, असं दशरथनेही बोलून दाखवलं.

मंगळवारी पालक आले. आधी दोघे, मग व्हरांडाभर. त्यांचं म्हणणं साधं होतं. बाईंच्या फोटोत मागे दिसणारी भेग शाळेच्या कोणत्या बाजूला आहे, आणि मुलांना त्या बाजूच्या वर्गात का बसवतात? भेग किती लांब आहे हे त्यांना सांगावं लागलं नाही. टेपवरचे आकडे त्यांनी वाचले होते.

अक्षताने सुयोगला फोन लावला. तो सगळं नीट ऐकून घेतोय असं तिला वाटलं.

"आकडे वाचले?" तो म्हणाला. "काचेबाहेरून?"

"हो."

"चष्मा न लावता?"

अक्षताने खोलीचं दार लोटून घेतलं.

"म्हणजे कॅमेरा चांगला होता गं. नितेशला विचारतो, अजून विकला नसेल. आणि ऐक, ती चौकड्यांची साडी धुवायला टाकू नकोस."

अक्षताने फोन ठेवला. बाहेर पालक वाढत होते. तिने दशरथला हाक मारली आणि कोपऱ्यावरचा स्टुडिओ किती वाजता उघडतो, ते बघून यायला सांगितलं.