प्रत्येक आकड्यात एक मिळवून

परदेशात एकट्याने घराबाहेर पडायचं तर पर्समध्ये काय काय हवं, याची यादी सुनेने फ्रिजच्या दाराला चिकटवली. बाईंनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, "एवढं सगळं उचलायला बरोबर आणखी एक बाई लागेल."

"आई, चेष्टा नको," सून म्हणाली. "तुमचं नाव, आम्हा दोघांचे नंबर, घराबाहेरच्या एका ओळखीच्या माणसाचा नंबर, रक्तगट आणि गोळ्या. एका कार्डावर मावतं. पासपोर्टचा नंबर लिहायचा नाही, बँकेचं काही लिहायचं नाही. आणि कार्ड उगाच कुणाला दाखवत बसायचं नाही."

हे शेवटचं वाक्य बाईंना मनापासून पटलं. घोटाळा झाला तो त्यांना ते पटल्यामुळेच.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या ऑपरेटर. परगावचे कॉल जोडून देणाऱ्या ट्रंक बोर्डावर तेहतीस वर्षं बसलेल्या. त्या लांबलचक हॉलमध्ये ओळीने खुर्च्या होत्या आणि जिची जी खुर्ची, तेच तिचं नाव. बाई सहा नंबर. लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेवरचं नाव वाचून अर्ध्या स्टाफने विचारलं होतं, "ही कोण?" पलीकडच्या खुर्चीवर सात नंबर. ती आयुष्यभराची मैत्रीण.

हॉलच्या भिंतीवर एकच सूचना होती : ग्राहकाचा नंबर परवानगीशिवाय कुणालाही सांगू नये. ती सूचना रंगवणारा पेंटर गेला, रंग उडाला, शेवटी एक्स्चेंजही बंद झालं, पण बाईंच्या डोक्यातली पाटी तशीच लखलखीत राहिली. खरी अडचण असायची ती टेबलावरच्या पॅडची. बड्या लोकांचे खाजगी नंबर त्यावर टिपून ठेवावे लागत आणि येणारे-जाणारे साहेब, लाइनमन, कॅन्टीनवाला, सगळे मान वाकडी करून ते वाचत. म्हणून पोरींनी एक पद्धत काढली. नंबर टिपताना प्रत्येक आकड्यात एक मिळवायचा. तीनचे चार, सातचे आठ, नवाचं शून्य. लावताना मनातल्या मनात एक कमी करायचा. बघणाऱ्याने खुशाल बघावं.

तर सुनेने छापून, वर प्लॅस्टिक चढवून दिलेलं सुबक कार्ड बाईंनी कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवून दिलं. ते हरवायला नको. पर्ससाठी त्यांनी स्वतःच्या अक्षरात दुसरं लिहिलं, आणि अर्थातच सुरक्षित लिहिलं. मुलाच्या नंबरातल्या प्रत्येक आकड्यात एक मिळवला. सुनेच्या नंबरातही मिळवला. पत्ता लिहिलाच नाही. कार्ड हरवलं तर चोराला घर कशाला दाखवायचं? तिसरा नंबर मात्र त्यांनी जसाच्या तसा लिहिला, कारण तो सात नंबरचा होता. सूचना ग्राहकांपुरती होती. सात नंबर म्हणजे स्टाफ.

ही सात नंबर याच देशात लेकीकडे राहत होती. आगगाडीने चार तासांवर. अकरा वर्षांत दोघींची भेट नव्हती. दर रविवारी फोन व्हायचा, पण फोनवर बोलणं म्हणजे काही खरं बोलणं नव्हे, असं दोघींचं ठाम मत होतं. बाई सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या, त्यातले साडेचार उलटले होते. आल्यापासून त्यांचं एकच मागणं होतं : मला एकटीला गाडीत बसवून दे.

मुलगा शेवटी कबूल झाला, पण अटीवर. सात दिवस एकटीने वाचनालयापर्यंत जायचं, एकटीने परत यायचं. कार्ड पर्समध्ये, फोन चार्ज केलेला. सातही दिवस नीट गेले, तर आठव्या दिवशी तिकीट.

"तू आठवीत सहलीला गेलास तेव्हा मी घातली होती का अशी अट?" बाईंनी विचारलं.

"घातली होतीस. नाव-पत्त्याची चिठ्ठी शर्टाला आतून टाचून दिली होतीस."

"आणि तू ती बसमध्येच काढून टाकलीस!"

"म्हणून तर तुझ्यावर विश्वास बसत नाही."

सहा दिवस बिनतक्रार पार पडले. बाई दहाला निघायच्या, बाकावर बसून चित्रांची मासिकं चाळायच्या आणि बाराला घरी यायच्या. टेबलामागच्या ग्रंथपालबाईंशी मान हलवण्याइतकी ओळखही झाली होती. भाषा मात्र दोघींच्या मध्ये कपाटासारखी उभी. ग्रंथपालबाईंना मराठी येण्याचं कारण नव्हतं आणि बाईंची तिथल्या भाषेतली मजल 'नमस्कार', 'आभार' आणि 'पाऊस आहे' एवढीच होती.

सातव्या दिवशी बाईंनी फोन शंभर टक्के चार्ज केला आणि तो इतका छान चार्ज झाला याच्या समाधानात तिथेच प्लगला ठेवून घराबाहेर पडल्या.

वाचनालयातून निघताना वाचायचा चष्मा डोळ्यांवरच राहिला. त्या चष्म्यातून पायऱ्या जवळ आणि मोठ्या दिसतात. बाई शेवटची समजून जी पायरी उतरल्या, ती शेवटच्या आधीची होती. पाय मुरगळला, चष्मा उडाला आणि त्याच्यावर बाईच बसल्या.

ग्रंथपालबाई धावत आल्या. त्यांनी बाईंना आत नेऊन खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, घोट्याला ओलं फडकं बांधलं आणि खुणेने विचारलं, "कुणाला बोलावू?" बाईंनी हातवारे ओळखून ऐटीत पर्स उघडली आणि कार्ड काढून दिलं. अशा वेळी कसं सगळं जय्यत असावं लागतं!

ग्रंथपालबाईंनी पहिला नंबर फिरवला. टेपवरच्या आवाजाने काहीतरी सांगितलं. शब्द कळले नाहीत, तरी सूर बाईंनी लगेच ओळखला. असा नंबर अस्तित्वात नाही. किती रुक्षपणे सांगते मेली, बाईंच्या मनात आलं. आम्ही हेच असं सांगायचो की माणूस 'थँक्यू' म्हणायचा.

मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. हिला एक कमी करायचं सांगायला हवं! त्या कार्ड हातात घेऊन स्वतःच सांगणार होत्या, पण चष्म्याशिवाय आकडे म्हणजे नुसत्या मुंग्या. आणि मुलाचा नंबर पाठ? जुन्या गावातले चारशे नंबर बाईंना झोपेतून उठवलं तरी सांगता आले असते. धान्याच्या गोदामाचा, सिव्हिल सर्जनचा, सिनेमा थिएटरच्या मॅनेजरच्या घरचा. त्यातला एकही आता कुठे लागला नसता. मुलाचा नंबर मात्र फोनला पाठ होता, आणि फोन घरी.

बाईंनी एक बोट वर केलं आणि मग ते खाली नेलं. एक, कमी.

ग्रंथपालबाईंनी मान डोलावली आणि पहिला नंबर पुन्हा फिरवला.

"अहो नाही हो!" बाईंनी पुन्हा एक बोट दाखवलं, पुन्हा खाली नेलं. तेव्हा ग्रंथपालबाईंनी त्यांचा पाय उचलून खाली एक स्टूल सरकवलं.

मग त्यांनी दुसरा नंबर लावला. तो लागला! पलीकडे एक पुरुषी आवाज भलत्याच उत्साहाने बोलत होता. ग्रंथपालबाईही बोलल्या, बाईंकडे बघून हसल्या, वाचनालयाचं नाव दोनदा सांगितलं आणि फोन ठेवून अंगठा वर केला. बाई चरकल्या. सुनेचा आवाज सर्दी झाली तरी इतका घोगरा होत नाही. कोण होता हा? आणि येतोय कुठे?

बाईंनी घाईघाईने तीन बोटं दाखवली. तिसरा नंबर. यात कमी-जास्त काही नव्हतं. दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला आणि ग्रंथपालबाईंनी रिसीव्हर बाईंच्या हातात दिला.

"सात? सहा बोलतेय."

"आज काय गं? रविवार नाही!"

"पडले."

"किती?"

"एक पायरी. पाय मुरगळलाय. पोराला बोलवायचंय, फोन घरी राहिला आणि चष्मा फुटला. ही बाई आकडे वाचून दाखवेल बघ तुला."

ग्रंथपालबाईंनी आकडे वाचले. लेकीकडे नऊ वर्षं राहून सात नंबरला तिथले आकडे तरी येत होते.

"एकेक मिळवलाय ना?" तिने विचारलं.

"मग? तसेच लिहू?"

"छे, तसे कसे लिहिणार!" सात नंबर म्हणाली. यात काही चुकलंय असं दोघींनाही क्षणभर वाटलं नाही. "धर जरा. जोडते."

घरच्या फोनचा रिसीव्हर सात नंबरच्या डाव्या हातात होता. उजव्या हाताने तिने मोबाइलवरून मुलाला फोन लावला, आणि बावीस वर्षं न वापरलेल्या आवाजात म्हणाली, "तुमच्या आईंचा अर्जंट कॉल आहे. बोला." मग मोबाइल उलटा करून रिसीव्हरला भिडवला. याचं तोंड त्याच्या कानाला, त्याचं तोंड याच्या कानाला. आणि घट्ट धरून उभी राहिली.

"हॅलो! आई! कुठे आहेस?" आवाज विहिरीतून यावा तसा येत होता, मध्ये खरखर.

"मी वाचनालयात! वाच-ना-लयात!" बाई ओरडल्या.

"काय झालं?"

"काही नाही! पाय मुरगळला!"

"कोण वारलं?"

"पाय! पा-य!"

शंभर माणसं टाचणी पडेल इतक्या शांततेत वाचत बसली होती, त्यांनी पुस्तकं मिटली. ग्रंथपालबाईंनी सवयीने ओठांवर बोट नेलं, पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघून ते तसंच परत घेतलं. बाईंचे डोळे भरून आले होते. पाय दुखत होता म्हणून नव्हे. ही खरखर, हा खोल आवाज, हे ओरडणं. असा कॉल त्यांनी हजारो लोकांना जोडून दिला होता, त्यांच्या वाट्याला तो आज पहिल्यांदा आला होता.

"निघालो!" खोलातून आवाज आला आणि लाइन तुटली.

त्याच्या आधी दुसराच कुणी येऊन पोचला. दारात एक लठ्ठ, हसरा माणूस उभा. ग्रंथपालबाईंनी मघाशी बोलावलेला. त्याने बाईंना आदराने हात दिला, बाहेर नेलं, गाडीचं दार उघडलं आणि अलगद बसवलं. गाडीच्या टपावर लाल पाटी होती. ती बाईंना चष्म्याशिवाय दिसली नाही. स्टिअरिंग मात्र नको इतक्या जवळ असल्यामुळे दिसलं. तो माणूस शेजारी बसला, धीर देणाऱ्या सुरात काहीतरी म्हणाला आणि किल्लीकडे बोट दाखवलं. सुनेच्या नंबरात एकेक मिळवला की गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचा नंबर तयार होतो, हे बाईंना कोण सांगणार?

मुलगा धापा टाकत आला तो याच वेळी.

"आई! तू गाडी चालवतेस?"

"अजून नाही," बाई म्हणाल्या. "तूच जरा विचार ना यांना, कुठे न्यायचं म्हणतायत."

मास्तरांची समजूत घालायला दहा मिनिटं गेली. त्यांचं म्हणणं एकच होतं, शिकायला वयाची अट नसते.

घरी आल्यावर सुनेने कार्ड दिव्याखाली धरलं. "आई, हे आमचे नंबर आहेत?"

"सुरक्षित केलेत."

"कुणापासून? आमच्यापासून?" ती पुढे वाचू लागली आणि किंचाळली, "रक्तदाबाची गोळी सकाळी दोन? एक घेता ना तुम्ही?"

"एकच घेते. आकडा दिसला, मिळवला गेला," बाई ओशाळून म्हणाल्या. "हातच तसा पडलाय. रक्तगट बघ, अगदी जसाच्या तसा आहे."

मुलाने आईचा पाय उचलून उशीवर ठेवला. मग म्हणाला, "आई, तिकीट आता राहू दे. पायही सुजलाय. पुढच्या खेपेला बघू."

पुढच्या खेपेला. बाई पंचाहत्तरीच्या, सात नंबर त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी. बाईंनी वाद घातला नाही. "मावशीला कळव मग," एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. मुलाने फोन लावला. मावशी उचलत नव्हत्या. दुपारभर त्याने चारदा लावला.

संध्याकाळी साडेसहाला दाराची बेल वाजली. दारात पिशवी घेतलेली एक ठेंगणी म्हातारी, केस विस्कटलेले.

"मावशी! तुम्ही? एकट्या?"

"पडली असं ऐकलं तेव्हाच ओळखलं, आता तुम्ही तिला काही सोडत नाही. आलेच झालं." तिने चपला काढल्या. "पत्ता तू उधळ्यासारखा प्रत्येक पाकिटावर छापतोस, तो होता माझ्याकडे."

"पण लेकीला सांगितलंत ना?"

"ती कामावर. कामाच्या वेळेत खाजगी कॉल करायचा नसतो."

मुलाने बाईंच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. अकरा वर्षांनी भेटताहेत, नीट बघू देत एकमेकींना. सुनेने चहा नेऊन ठेवला. दोघी बसल्या. बघितलं.

"बरी आहेस?"

"बरी. तू?"

"बरी."

मग काहीच नाही. चहा संपला. बाहेर नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. एवढ्यासाठी एवढा आटापिटा?

तेवढ्यात आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "असं समोरासमोर नाही गं सुचत," बाई म्हणत होत्या. "कधी बसलोय का आपण असं?"

मुलाने डोकावून पाहिलं. दोघींनी खुर्च्या शेजारी-शेजारी लावल्या होत्या. सात उजवीकडे, सहा डावीकडे, तोंडं भिंतीकडे. एकमेकींकडे न बघता दोघी एकदमच बोलत होत्या. कॅन्टीनवाला, वरच्या बाई, पुराच्या रात्रीचे ते अकराशे कॉल, नऊ नंबरने पळून जाऊन केलेलं लग्न. एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती, आणि मध्येच दोघी खांदे हलवून हसत होत्या, आवाज न करता, ड्यूटीवर हसतात तशा.

मुलाच्या हातातला फोन वाजला. सात नंबरची लेक होती, रडवेली. "आई तुमच्याकडे आलीय का हो?"

"आल्यात. अगदी सुखरूप आहेत."

"द्या ना जरा. चांगली खडसावते."

त्याने पुन्हा आत पाहिलं. मग दार हळूच ओढून घेतलं.

"नाही हो," तो म्हणाला, "आत्ता नाही लागायच्या."