चौतीस दातांची चकती

तपशीलरावांनी फक्त एक चकती बदलायची ठरवली होती. एकच. हे त्यांनी बायकोला सांगितलं, मेहुण्याला सांगितलं आणि ऑफिसात कोणी विचारलं नसतानाही सांगितलं. (तपशीलराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ते बिलांच्या तक्रारी बघत आणि 'बिल जास्त आलंय' म्हणणाऱ्याला मीटर मुळात फिरतो कसा इथपासून समजावू लागत. माणूस घायकुतीला येऊन बिल भरून जाई. नाव ऑफिसने ठेवलं, घराने ते आनंदाने उचललं.)

सगळ्याचं मूळ टेकडीत होतं. टेकडीवर पाण्याची टाकी होती आणि दर रविवारी सकाळी सायकलवाल्यांची एक टोळी तिथवर जाई. टोळीचा नियम एकच. जो न उतरता वर येईल त्याने सायकलवर बसल्याबसल्या टाकीच्या लोखंडी शिडीला हात लावायचा. सायकल ढकलत आलेल्याने शिडीकडे नुसतं बघायचं. तपशीलरावांची त्या शिडीशी ओळख नुसत्या बघण्यापुरतीच होती. शेवटचं वळण आलं की त्यांचे पाय संपावर जात.

बायको टोळीत त्यांच्यानंतर आली. ती दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती, दिवसभर उभी असे, त्यामुळे असेल, पण पहिल्याच महिन्यात तिने शिडीला हात लावला. तेव्हापासून ती यांची पाण्याची बाटलीही स्वतःच्या सायकलला लावून वर नेई (तेवढंच यांचं ओझं कमी) आणि हे ढकलत आले की बाटली पुढे करी. बोलत काहीच नसे. टोळीतलाच मेहुणा टोमणे मारी ते तपशीलरावांना सोसत. बायकोचं काही न बोलणं सोसत नसे. एकदा, फक्त एकदा, आपण पेडल मारत वर येतोय आणि ती बघतेय, एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं.

"भाऊजी, तुमच्या मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला दात किती?" मेहुण्याने विचारलं. त्याची स्वतःची सायकल इतकी हलकी होती की वारा आला तर धरून ठेवावी लागे.

"चोवीस."

"तिथेच घोडं पेंड खातंय! चकती मोठी तेवढा चढ हलका. चौतीसची टाका, झोपेत चढाल."

तपशीलरावांची सायकल तरुणपणी घेतलेली, पोलादी, रेसिंगची. नवी घ्यायची ऐपत नव्हती, आणि जुनीवर जीव होता. ते सायकलवाल्याच्या दुकानात गेले.

"चौतीस दातांची एक चकती द्या."

"सुटी नाही मिळत. सगळ्या चकत्यांचा संच येतो."

"मग संच द्या."

सायकलवाल्याने सायकल उलटी केली. "पण संच या चाकावर बसणार नाही. चाक जुन्या पद्धतीचं आहे."

"मग मागचं चाकही द्या."

"एकटं मागचं? आणि पुढचं हे असं?" त्याने पुढचं चाक फिरवलं. ते डावीउजवीकडे माना डोलवत फिरलं.

"दोन्ही द्या. पण जुनी, कोणी वापरून काढलेली."

"आहेत. शिवाय या संचाला चेन अरुंद लागते. आणि चेन एवढ्या मोठ्या चकतीवर चढवायची तर तिला या चकतीवरून त्या चकतीवर ढकलणारा मागचा डिरेलर लांब हाताचा हवा. गिअरचे खटके..."

"खटके राहू देत!" तपशीलराव ओरडले. नालासाठी घोडा घेतात म्हणतात, इथे घोड्याबरोबर तबेलाही येऊ घातला होता. खटके तेवढे वाचले. बसवण्याची मजुरीही वाचवायची म्हणून सगळं सामान उचलून ते घरी आले. (ज्याने घरातला नळ दुरुस्त करताना शेजाऱ्यांचं पाणी बंद पाडलं होतं, त्या माणसाने हे ठरवलं.)

शनिवारी दुपारी स्वयंपाकघरात त्यांनी मागचं चाक दोन बोटांवर तोललं आणि सहज एक टिचकी मारली. चाक फिरू लागलं. नुसतं फिरलं नाही, फिरतच राहिलं. स्पोक दिसेनासे झाले, रिम केसभरही हलली नाही, आणि मधूनच कुठूनतरी बारीक टिकटिक येत राहिली. तपशीलराव पाहतच राहिले. माणसाने केलेली वस्तू इतकी सरळ फिरू शकते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ऑफिसात, घरात, स्वतःच्या आयुष्यात इतकं सरळ त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, काय झालं?" बायको ओल्या हातांनी आली.

"बघ."

तीही बघू लागली. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "थांबतच नाही की हो."

दोघं देवासमोर उभं राहावं तशी उभी होती. मागे दूध उतू गेलं, शेगडी विझली, दूध ओट्यावरून जमिनीवर आलं आणि तपशीलरावांच्या पायाला चटका बसला तेव्हा दर्शन संपलं.

चाक बसवताना कळलं की ते सायकलीच्या मागच्या दोन दांड्यांमध्ये मावत नाही. बोटाच्या नखाएवढं जास्त रुंद होतं.

"दांड्या ताणून धराव्या लागतील," तपशीलराव कपाळ पुसत म्हणाले. "पोलादी आहेत, ताणतात. पण जोर लागेल. तू बाजूला हो, तुला..."

"सरका. जबडा उघडून धरायचं मला शिकवू नका, रोजचं काम आहे." तिने दोन्ही हातांनी दांड्या फाकवल्या. "घाला लवकर. आणि बोटं काढून घ्या, मी आता सोडणार आहे."

चाक बसलं. चेन बसली, डिरेलर बसला. कपडे वाळत घालायच्या दांडीला सायकल टांगून तपशीलरावांनी पेडल फिरवलं आणि खटका ओढला. चेन एकेक चकती चढत गेली, अल्लद, मांजराने जिना चढावा तशी. शेवटी चौतीस दातांवर पोचली आणि तिथे न थांबता पलीकडे उडी मारून थेट स्पोकांत शिरली. कर्रकन आवाज झाला, दांडी भिंतीतून निघाली आणि सायकल, दांडी आणि वाळत घातलेले चार टॉवेल एकाच वेळी तपशीलरावांच्या अंगावर आले.

टॉवेलांखालून आवाज आला, "चाक बघ! मला राहू दे, चाक बघ!"

चाकाला एक ओरखडा होता. फक्त ओरखडा, पण तपशीलरावांना तो काळजावर वाटला. त्यांनी चाक, चकत्या सगळं फडक्याने लखलखीत पुसलं. चेन आत कुठवर जाऊ द्यायची हे ठरवणारा एक छोटासा स्क्रू डिरेलरवर असतो. त्यांनी तो आवळला. मग चाकाच्या काळजीने आणखी आवळला. मग मेहुण्याचं तोंड आठवून आणखी थोडा. त्यानंतर सायकल टांगायला दांडी उरली नव्हती आणि तपासायची छातीही.

रविवारी टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी खटका शेवटपर्यंत, पुढे जाईना इतका ओढला. 'आली चौतीसवर,' ते मनाशी म्हणाले, आणि चढ सुरू झाला. आणि काय सांगावं! मागून कोणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलतंय असं वाटत होतं. पाय दुखत होते, नाही असं नाही. छातीचा भाता झाला होता. पण चाकं तशीच सरळ, शांत फिरत होती आणि एवढ्या सुंदर वस्तूवरून उतरायचं कसं, हेच त्यांना कळेना. शेवटचं वळण आलं. पाय संपावर जायला निघाले. "चौतीस! चौतीस!" तपशीलराव जप करत राहिले. वळण मागे पडलं. पुढे आकाश होतं, टाकी होती, आणि टाकीजवळ बायको बाटली हातात धरून उभी होती. यांना पेडल मारत येताना बघून तिच्या हातातून बाटली पडली.

तपशीलरावांनी शिडीला हात लावला. लोखंड गार होतं. त्यांना वाटलं, आता मेलो तरी चालेल. (श्वास लागला होता, त्यामुळे ते शक्यही होतं.)

टोळीने टाळ्या वाजवल्या. मेहुण्याने चक्क पाया पडल्यासारखं केलं. श्वास परत येताच तपशीलराव स्वभावावर गेले. "त्याचं असं आहे," ते म्हणाले, "सगळं श्रेय या चौतीस दातांचं. दात वाढले की पेडलावर जोर कमी लागतो. पूर्वी चोवीस होते, आता दहा जास्त, म्हणजे चढ जवळजवळ..." टोळी उकिडवी बसून चौतीस दातांची चकती भक्तिभावाने पाहू लागली.

बायकोही वाकली. जास्तच वाकली. मग तिने बोट पुढे करून चकतीवरून फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं.

"अहो, हिला तेल कुठे आहे?"

"म्हणजे?"

"या बारक्या चकत्या चेनच्या तेलाने काळ्या झाल्यात. मागच्या मोठ्या तीन कोऱ्या करकरीत. या दातांनी आज काही चावलेलंच नाही."

मेहुण्याने खटका ओढून पेडल फिरवलं. चेन सहाव्या चकतीवर चढली आणि स्क्रूला अडून थांबली. त्याने त्या चकतीचे दात मोजले, थांबला, पुन्हा मोजले.

"भाऊजी, तेवीस."

"काय तेवीस?"

"तुम्ही तेवीसवर चढलात. जुन्यापेक्षा एक कमीच. म्हणजे आधीपेक्षा अवघड करून चढलात."

तपशीलरावांच्या तोंडून, लग्नानंतर प्रथमच, एकही तपशील निघेना. बायको मात्र त्यांच्या पायांकडे बघत होती, शनिवारी चाकाकडे बघितलं होतं अगदी तशी.

"म्हणजे तुमच्यातच होतं की हो सगळं," ती म्हणाली.

हे ऐकायला ते कितीतरी रविवार झुरले होते. पण त्या क्षणी त्यांच्या मनात एकच विचार होता, की सायकलवाला हे सामान परत घेईल का. सोमवारी विचारलं तेव्हा तो घेणार नाही म्हणाला. ओरखडा होता.

टेकडीवर मेहुण्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. "आणा, स्क्रू सैल करतो, मग बघा पुढच्या रविवारी कसे उडता!"

"खबरदार!" तपशीलरावांनी डिरेलर दोन्ही हातांनी झाकला. "स्क्रूला कोणी हात लावायचा नाही. चढतंय ना? मग चढू दे."

तेव्हापासून ते न उतरता टाकीपर्यंत जातात, तेवीसवर. त्या तीन मोठ्या चकत्या कधीच न वापरता दर रविवारी वर नेतात आणि तशाच खाली आणतात. घरी आल्यावर मऊ फडक्याने पुसतात. कोणी विचारलं तर बायकोच सांगते, "वापरायच्या नाहीत त्या. यंदा आमच्याकडे एवढाच दागिना झाला, तोही यांच्या सायकलीला."