बॅटरीच्या उजेडातला अर्ज

नूतनचा अर्ज शेवटच्या पानावर आला आणि कॉम्प्युटरचा पडदा फटकन काळा झाला.

आनंदरावांना आधी वाटलं, लाईट गेली. पण डोक्यावर पंखा फिरत होता. हिर्डोशीत फॉर्म भरायचं दुकान एवढं एकच, आणि तेही आनंदरावांचं. पाटबंधारे खात्यातून मुकादम म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा कॉम्प्युटर घेतला होता. त्याला वेगळा डबा नाही, सगळं यंत्र पडद्याच्याच पाठीत. आनंदराव त्याला रोज फडक्याने पुसत आणि पुसताना मनातल्या मनात नमस्कार करत.

"तात्या, आज पाचला मुदत संपतीय!" नूतनचा आवाज चिरकला. नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज होता. मोबाईलवर ती साइट उघडत नव्हती, आणि भोरची एसटी तर केव्हाच गेली होती.

आनंदरावांनी कीबोर्डवरची कळ दाबली. आतून 'टिंग' असा आवाज आला. यंत्राच्या पोटात घुरघुरही चालू होती. पडदा मात्र काळा ठिक्कर.

"सरा बाजूला. आमच्या रेडिवला बी असंच व्हतंय," म्हणत गेनबा उठला. हयातीच्या दाखल्यासाठी फोटो काढून घेऊन तो सकाळपासून बाकावर बसला होता. त्याने तळहात उगारला. आनंदराव यंत्र वाचवायला मधे गेले आणि ती थाप त्यांच्या पाठीत बसली. 'टिंग' मात्र झालं नाही.

पाठ चोळत त्यांनी भोरला आरजूला फोन लावला. मशीन तिनेच बसवून दिलं होतं. तिशीतली पोरगी, पण तिच्याशी बोलताना आनंदराव खुर्चीतून उठून उभे राहत.

"काका, आवाज येतोय ना? मग मशीन जिवंत आहे. दुकानात अंधार करा, बॅटरी घ्या आणि काचेवर तिरकी मारा. काही दिसतंय का सांगा."

दाराला घोंगडी लावली, खिडकी मिटली. आनंदरावांनी बॅटरी काचेशी नेली आणि वाकून पाहिलं. त्या काळ्या काचेच्या आत, धरणाच्या पाण्याखाली बुडालेलं गाव दिसावं तशी, अक्षरं होती. फिकट, पण जागच्या जागी. नूतनचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख.

"हाय! आत समदं हाय! काय बी गेल्यालं न्हाई!"

"अस्संच," आरजू म्हणाली. "चित्र तयार होतंय. मागचा दिवा तेवढा पेटत नाही. मी निघतेच आहे, तीनपर्यंत पोचते. तोवर हात लावू नका."

पण तीनपर्यंत धीर कुणाला? घाटाकडचा रस्ता, गाडी पंक्चर झाली तर? "दिसतंय तर भरू की," नूतन म्हणाली, आणि कामाला सुरुवात झाली. आनंदरावांनी बॅटरी धरली, नूतनने माऊस धरला. नूतनची आई मंगल चष्मा लावून वाचायला बसली. उजेडाचं वर्तुळ भाकरीएवढं. त्यात एका वेळी दोन शब्द मावत.

"डावीकडं सरकवा, तात्या. लई झालं, मागं या."

"वर काय तरी तांबडं हाय."

"तांबडं म्हंजे चूक. खाली घ्या."

एवढ्यात बातमी बाहेर फुटली. आनंदरावांच्या काळ्या काचेत अक्षरं दिसतात म्हणे! माणसं दुकानापुढे जमली, रांग लागली. कुणी न सांगताच चपला उंबऱ्याबाहेर निघाल्या. एकेक जण घोंगडी बाजूला सारून आत येई, वाकून बघे, "आयायाया!" म्हणे आणि हात जोडून बाहेर पडे. आनंदरावांनाही त्यात वावगं काही वाटलं नाही. त्यांचा स्वतःचाच ऊर भरून आला होता. हात दुखून यायचा, पण बॅटरी हलू द्यायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

फोटो जोडायचा होता. यादीत दोन फोटो दिसले, दोन्ही अंगठ्याएवढे, दोन्ही काळपट. "ह्यो वरचा," मंगल म्हणाली, "डोक्यावर वढणी दिसतीया बगा." वरचा जोडला. मग सर्वांत खाली उजेडाच्या वर्तुळात एकच शब्द आला : 'करा'.

"काय करा?" आनंदरावांनी विचारलं.

"करा म्हणतंय तर करा की!" गेनबा बाकावरून ओरडला.

नूतनने डोळे मिटून बटण दाबलं. 'टिंग' झालं. मंगलने घरून साखर आणून रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर ठेवली.

तीन वाजून गेल्यावर आरजूची स्कूटी आली. डोक्याला रुमाल, पाठीला पिशवी. दाराची घोंगडी काढून तिने ती टेबलावर पसरली, तिच्यावर यंत्र पालथं ठेवलं आणि पाठीचं झाकण उघडलं. आनंदराव वाकून बघत होते. एवढासा पंखा, बोटभर हिरव्या पाट्या, आणि दोऱ्यांसारख्या वायरी. एवढ्याशा जागेत सबंध गावाचे दाखले?

आरजूने एक बारीक वायर चिमटीत धरली. "ही बघा. मागच्या दिव्याची. तोंड सुटलंय. टेम्पोतून आणलं ना, धक्क्याधक्क्याने निघत आलं असणार." तिने नखाने दाबलं. 'टक्'.

"येवढंच?" गेनबा म्हणाला.

"एवढंच."

झाकण लावून तिने यंत्र उभं केलं, कळ दाबली. पडदा असा लखलखला की पुढच्या रांगेने डोळ्यांवर हात घेतले. आनंदरावांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. नूतनने आपला अर्ज पुन्हा उघडला, आणि मंगलच्या हातातली साखरेची वाटी खाली पडली.

नाव : नूतन. लिंग : स्त्री. वय : एकोणीस. आणि शेजारी, पांढऱ्या मिशा आणि डोक्याला उपरणं, गेनबा.

"अगं बया!" मंगल खालीच बसली. "आता नर्स कोन व्हनार?"

गेनबा पुढे होऊन निरखून बघत राहिला. "फोटू मातर झ्याक आलाय," तो म्हणाला.

नूतन रडायच्या बेतात होती. आनंदरावांना वाटलं, आपल्याच हातातल्या उजेडात पोरीचं वर्ष बुडालं! आरजूने मात्र खुर्ची ओढून पडद्याचा तळ नीट वाचला. तिथे दोन बटणं शेजारी शेजारी होती. एकावर 'जतन करा', दुसऱ्यावर 'अंतिम सादर करा'.

"तुम्ही जतनवालं दाबलंय, काका. अर्ज गेलेलाच नाही. इथंच आहे."

"ग्येलाच न्हाई?" आयुष्यात कुठलाही कागद पोचला नाही म्हणून आनंदरावांना एवढा आनंद कधी झाला नव्हता.

फोटो बदलला. नूतनने प्रत्येक ओळ दोनदा वाचली. चार वाजून चाळीस मिनिटांनी खरा अर्ज गेला आणि पोचपावती आली. आनंदरावांनी ती छापून दोन्ही हातांनी नूतनला दिली. आरजू चहा पिऊन निघाली तेव्हा सगळी रांग तिला वाटेपर्यंत पोचवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदराव दुकान उघडतात तोच वरच्या वाडीवरून ठकुबाई काठी टेकत उतरल्या. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, दीड कोस चालत आल्या होत्या. उंबऱ्याबाहेर चपला काढून त्या आत आल्या आणि हात जोडून कॉम्प्युटरपुढे उभ्या राहिल्या.

पडद्यावर लख्ख उजेड होता. ठकुबाईंनी खालून बघितलं, वरून बघितलं.

"आनंदा, हे तर टीव्हीवानी दिसतंय. काळ्या काचेतली अक्षरं कुठं हायती?"

"न्हाई आत्या, आता तसं दिसत न्हाई. भोरची पोर आली व्हती काल. तिनं उघाडलं, आन्..."

ठकुबाईंनी जोडलेले हात खाली घेतले आणि कळवळून मान हलवली.

"बिगडिवलं व्हय तिनं?"