निस्तोरला नदी ओलांडायची होती

निस्तोर आरशासमोर टायची गाठ तिसऱ्यांदा सोडत होता आणि बाहेर अफानासी गाडीचा हॉर्न दाबत होता. प्रुत नदीपलीकडे, रोमानियातल्या याश शहरात, दुपारी बारा वाजता त्यांच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. नातू दोघांचाही. निस्तोरची इलिंका अफानासीच्या स्लाविकला दिलेली, आणि नवराबायको दोघंही याशला नोकरीला. पोर तीन महिन्यांचं झालं होतं, पण निस्तोरने त्याला अजून फोनच्या काचेतच पाहिलं होतं. आज ते मांडीवर घ्यायचं म्हणून तो पहाटेपासून हात धूत होता.

"व्याही, लग्न नातवाचं नाहीये, बाप्तिस्मा आहे," अफानासी खिडकीतून ओरडला. "टाय राहू दे, बस गाडीत."

हे दोन व्याही म्हणजे मोल्दोवातल्या आमच्या सालचिया गावची कायमची करमणूक. निस्तोरचं म्हणणं, मोल्दोवा आणि रोमानिया हे एकाच आईचे दोन तुकडे, ते आजच्या आज जोडले पाहिजेत. अफानासीचं म्हणणं, आपला देश चिमूटभर असेल, पण आपला आहे, तो आपला राहिला पाहिजे. दुकानासमोरच्या बाकावर निस्तोर नदीकडच्या टोकाला बसायचा आणि अफानासी उलट्या टोकाला. मधे बसणाऱ्याचे दोन्ही कान दुखायचे.

"मोठ्या घरात धाकटी सून होऊन जायचं कशाला?" असं अफानासी म्हणायचा.

"आईच्या घरी जाणारी सून कशी होईल, गाढवा?" असं निस्तोर.

एवढ्यावर संध्याकाळ निघून जाई. नातवाच्या नावावरून मात्र भांडण झालं नाही. श्तेफान ठरलं, कारण त्या नावाच्या जुन्या राजावर दोघांनाही आपला हक्क वाटत होता.

निस्तोरच्या या वेडाला कारण होतं. सोव्हिएत राजवट मोडकळीला आली होती तेव्हा एका रविवारी प्रुतवरचे पूल कागदपत्र न विचारता उघडले होते. लोकांनी नदीत फुलं टाकली होती. तरुण निस्तोर पलीकडे जाऊन दिसेल त्याच्या गळ्यात पडून आला होता, आणि तेव्हापासून तो त्या एका रविवारवर जगत होता. पुढच्या वसंतापर्यंत एकी होणार, असं तो दर हिवाळ्यात सांगायचा. त्याच्या दारात मात्र मॉस्कोत बनलेली जुनी मोस्कविच गाडी उभी होती, आणि स्वातंत्र्यवाल्या अफानासीकडे रोमानियात बनलेली दाचिया. मोस्कविच उतारावरच सुरू होत असल्याने आज दाचिया न्यायची ठरली.

मागच्या सीटवर निस्तोरच्या तळघरातल्या लाल वाइनचा कॅन ठेवला. दोघी विहिणी आठवडाभर आधीच पलीकडे गेल्या होत्या, त्यामुळे गाडीत फक्त हे दोघे होते आणि त्यांना आवरणारं कुणी नव्हतं.

"पासपोर्ट घेतलास ना?" अफानासीने विचारलं.

"घेतलाय," निस्तोर म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. एरवी एका प्रश्नाला दहा वाक्यं देणारा माणूस एका शब्दावर थांबला, तेव्हाच अफानासीने ओळखायला हवं होतं.

पुलावर गाड्यांची रांग होती. ती सरकत सरकत यांची पाळी आली. आपल्या बाजूच्या खिडकीत एक तरुण अधिकारी बसला होता. त्याने निस्तोरचा पासपोर्ट उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"आजोबा, हा तर चार वर्षांपूर्वीच संपलाय."

"माहीत आहे मला."

"मग नवा का नाही काढला?"

"जो देश वसंतापर्यंत उरणार नाही, त्याचा पासपोर्ट कशाला काढू?"

अधिकाऱ्याने पासपोर्ट मिटून बाजूला ठेवला. "बरं, रोमानियाचा आहे? आजकाल पुष्कळांकडे असतो. आजोबा-पणजोबा महायुद्धाआधी रोमानियाचे नागरिक होते असं दाखवलं की मिळतो."

"मी त्यांचाच आहे, हे त्यांना अर्ज करून सांगू?" निस्तोर छाती पुढे काढून म्हणाला. "आईला जन्माचा दाखला दाखवून जेवायला बसतं का कोणी? तू मला फक्त पलीकडच्या साहेबांपर्यंत जाऊ दे. ते मला अडवणार नाहीत."

"पण तिथवर जायला आधी माझ्याकडून सुटावं लागतं," अधिकारी म्हणाला. "दुसरे आजोबा, तुमचं दाखवा."

अफानासीने आपले कागद काढायला गाडीतला खण उघडला. खण जरा भरलेलाच होता. त्यातून चष्मा पडला, पेपरमिंट पडल्या, आणि निस्तोरच्या मांडीवर एक लालसर पासपोर्ट येऊन पडला. त्यावर सोनेरी अक्षरांत रोमानिया लिहिलेलं होतं आणि आत अफानासीचा फोटो होता, त्यात त्याने चक्क केस विंचरले होते.

निस्तोरने तो पासपोर्ट दोन्ही हातांत धरला.

"हे काय आहे?"

"कामापुरता आहे," अफानासी खण बंद करत म्हणाला.

"बाकावर बसून माझं डोकं खातोस, स्वातंत्र्य स्वातंत्र्य करतोस, आणि खिशात हे?"

"अरे, मुलगा तिकडे, सून तिकडे, माझा दातांचा डॉक्टर तिकडे. देश आपला वेगळा पाहिजे, येण्याजाण्याची सोय वेगळी. यात बिघडलं काय?"

"म्हणजे तू रोमानियन आहेस आणि मी नाही."

"कागदावर," अफानासी म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता, कारण असं उघडं पडायची त्याची इच्छा नव्हती.

मागून हॉर्न वाजू लागले होते. निस्तोरने घड्याळाकडे पाहिलं. राग नंतर काढता आला असता. बारा मात्र नंतर वाजणार नव्हते. तो गाडीतून उतरला आणि खिडकीच्या काचेला नाक लावून उभा राहिला.

"पोरा, तू स्वतंत्र, सार्वभौम देशाचा अधिकारी आहेस की नाही?"

"आहे."

"मग या देशातून कोणाला बाहेर सोडायचं, हे तू ठरवणार की पलीकडचे?"

"मीच ठरवणार."

"आपण काय कोणाचे ताबेदार आहोत? आपला देश, आपला पूल, आपला शिक्का. मार शिक्का."

"मी ठरवलंय," अधिकारी म्हणाला. "तुम्ही जाणार नाही."

आता अफानासीही उतरला. "साहेब, कसली सीमा घेऊन बसलात," तो म्हणाला. "कोणीतरी नकाशावर रेघ मारली आणि आपण ती धरून बसलो. इकडे तीच भाषा, तिकडे तीच. इकडे ताटात मक्याची मामलिगा, तिकडेही मक्याचीच. या नदीतल्या माशाला विचारा तो कुठला ते. एकाच घरातली माणसं आहोत आपण, जाऊ द्या बिचाऱ्याला."

"तुम्ही त्या एकीवाल्यांपैकी का?"

"छे, मी स्वातंत्र्यवाला," अफानासी म्हणाला, आणि मग आपण काय बोलून गेलो ते त्याच्या ध्यानात आलं. निस्तोरच्याही आलं. दोघे एकमेकांकडे बघायचं टाळून नदीकडे बघत उभे राहिले.

तोवर रांगेतली माणसं जमली होती. एका ट्रकवाल्याने एकीची बाजू घेतली, त्याच्या मागच्याने स्वातंत्र्याची, तिसऱ्याने आधी रस्ते दुरुस्त करा म्हणून वेगळीच टूम काढली. कोणी कोणाच्या आजोबांचं नाव काढलं आणि आवाज चढले. शेवटी मागच्या गाडीतून एक धिप्पाड बाई उतरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"एक व्हा नाहीतर वेगळे राहा," ती म्हणाली, "पण आधी ती गाडी बाजूला घ्या."

हे सगळ्यांनाच पटलं.

निस्तोरने मागचं दार उघडून कॅनचं झाकण घट्ट केलं. "तू जा," तो म्हणाला. "निदान वाइन तरी पोहोचू दे. आणि माझी आहे म्हणून सांग. तुझी म्हणून सांगितलंस तर परत येऊ नकोस."

"मी थांबतो हवं तर," अफानासी म्हणाला.

"दोन आजोबांपैकी एक तरी पाहिजे तिथे. जा."

दाचिया पूल ओलांडून पलीकडे गेली. तिथल्या अधिकाऱ्याने अफानासीचा पासपोर्ट नीट बघितलासुद्धा नाही, नुसता हात हलवला. निस्तोर ते इकडून बघत होता. ज्या देशासाठी तो जन्मभर भांडला होता, त्या देशाने त्याच्या विरोधकाला हात हलवून आत घेतलं होतं, आणि त्याचं फार वाईट वाटलं त्याला.

कोणा ओळखीच्याच्या ट्रॅक्टरवर बसून, सूट-टाय घालून तो गावात परतला. बाकावर मंडळी होतीच.

"काय निस्तोर, एकी झाली का?"

तो तडक घरात गेला. तेवढ्यात फोन वाजला. इलिंका रडत होती.

"बाबा, सासऱ्यांनी सांगितलं. आम्ही असं करतो, चर्चमधून निघालो की त्याला घेऊन तुमच्याकडेच येतो."

निस्तोर उठून उभा राहिला. मग फोनमध्ये इलिंकाच्या मागून त्याच्या बायकोचा, आग्रिपीनाचा, आवाज आला.

"कशी आणणार? त्याचा पासपोर्ट कुठंय?"

पोर याशला जन्मलं होतं आणि त्याचा पासपोर्ट काढायचं अजून कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"घराण्याचीच खोड आहे ही," आग्रिपीना म्हणाली. अख्ख्या कुटुंबात दोघांपाशीच पासपोर्ट नव्हता, आणि ते दोघे नेमके नदीच्या दोन बाजूंना होते. पण आग्रिपीना हातपाय गाळून बसणारी बाई नव्हती. "नदीवर ये," तिने फर्मावलं. "जुन्या पाणचक्कीपाशी. आम्ही समोरच्या काठावर येतो. आणि टाय सोडू नकोस."

आमच्याकडे प्रुत फार रुंद नाही. मोठ्याने भांडलं तर पलीकडे ऐकू जातं. निस्तोर चारच्या सुमारास काठावर पोहोचला, आणि त्याच्यामागे निम्मं गाव पोहोचलं, कारण असली गोष्ट लपून राहत नाही. बायकांनी चीज भरलेल्या गरम पोळ्या, म्हणजे प्लाचिंता, बांधून आणल्या होत्या. समोर तीन गाड्या येऊन थांबल्या. माणसं उतरली, गवतावर चादर अंथरली गेली, आणि इलिंका पांढऱ्या कापडातलं गाठोडं घेऊन काठाशी आली.

निस्तोरने डोळे बारीक केले. त्याला पांढरं काहीतरी दिसत होतं. ते बाळ असेल किंवा पावही असेल.

"दिसतोय का?" इलिंकाने ओरडून विचारलं.

"दिसतोय," तो ओरडला. त्याच्या आवाजावरून दिसत नाहीये हे दोन्ही काठांना कळलं.

एवढ्यात आपल्या बाजूचा सीमेवरचा शिपाई झाडीतून आला. काठावर एवढी गर्दी बघून तो हादरलाच. "इथे जमायला बंदी आहे," तो म्हणाला. "कोणाला पलीकडे पाठवताय?"

"कोणालाच नाही," निस्तोर म्हणाला. "माझा नातू आहे तिकडे. मला तो दिसत नाहीये."

शिपायाने पलीकडे पाहिलं, सूट घातलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग त्याने गळ्यातली दुर्बीण काढली. "ही सरकारी आहे," तो म्हणाला. "पाच मिनिटं. आणि पट्टा गळ्यात अडकवा, पाण्यात पडली तर माझी नोकरी जाईल." कोणीतरी त्याच्या हातात प्लाचिंता दिली, ती त्याने पाठमोरं होऊन खाल्ली.

निस्तोरने दुर्बीण डोळ्यांना लावली. आधी झाड दिसलं, मग अफानासीचं टक्कल, आणि मग एकदम जवळ, हात लावता येईल इतक्या जवळ, एक लालबुंद, सुरकुतलेला, चिडलेला चेहरा. त्या चेहऱ्याने जांभई दिली. निस्तोरने नकळत एक हात पुढे केला आणि तो हवेतच राहिला. मग दुर्बिणीतून काही दिसेना, म्हणून त्याने ती पुसली, तरी दिसेना, कारण पाणी काचेवर नव्हतं.

फोन वाजला. अफानासी होता.

"पाहिलास? माझ्यावर गेलाय."

"गप रे. चिडलाय, म्हणजे माझ्यावर गेलाय."

"तुझी वाइन संपली. एक थेंब उरला नाही. सगळे विचारत होते कोणाची म्हणून."

"मग? काय सांगितलंस?"

"सांगितलं, परदेशी आहे."

निस्तोरने त्याला ज्या शिव्या घातल्या त्यासाठी फोनची गरज नव्हती. पलीकडचा रोमानियाचा शिपाईही त्या ऐकून हसला, आणि इकडच्याने त्याला ओळखीचा हात केला.

पुढच्या सोमवारी दाचिया पुन्हा निस्तोरच्या दारात उभी राहिली. या खेपेला त्याने टायची गाठ एका झटक्यात मारली. दोघे जिल्ह्याच्या गावी पासपोर्ट कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईने फोटो घेतला, बोटांचे ठसे घेतले.

"दहा वर्षं चालेल हा," ती म्हणाली.

अफानासी या क्षणाची सकाळपासून वाट बघत होता. "ऐकलंस ना, व्याही?" तो म्हणाला. "दहा वर्षं. म्हणजे आपला देश आणखी दहा वर्षं राहणार, असं तू स्वतःच्या बोटाने लिहून दिलंस."

निस्तोर बोटाची शाई पुसत राहिला.

"साधा काढायचा की तातडीचा?" बाईने विचारलं. "साध्याला थोडं थांबावं लागेल."

"त्याला साधाच द्या," अफानासी म्हणाला. "त्याला थांबायची सवय आहे. तीस-पस्तीस वर्षं थांबलाय एकीसाठी."

"तातडीचा," निस्तोर म्हणाला. "पोरगं पालथं पडायला लागलंय."